उद्घाटनाची कात्री

“आजपासून आपण कात्र्या बनवणार नाही, भविष्य घडवणार आहोत,” धाकट्या भावाने माइकवरून जाहीर केलं. भविष्याला ठसका लागावा तसा माइक खरखरला आणि बंद पडला.

थोरल्याने तोंड फिरवलं. वडिलांनी काढलेल्या या कारखान्यात कात्रीच्या धारेचं काम त्याने जन्मभर उभं राहून करून घेतलं होतं. आता कात्र्या बाहेरून, भागीदार कंपनीकडून तयार येणार. इथे त्यांच्यावर फक्त वडिलांचं नाव छापायचं. यंत्रं भंगारात, धार लावणारे घरी. याला धाकटा ‘स्ट्रॅटेजी’ म्हणे. करारावर थोरल्याचीही सही होती. ती केल्यापासून त्याच्या तोंडाला गंजाची चव होती.

“दादा, जरा हसा. कोणी गेल्यासारखे काय उभे आहात?”

“गेलंय. तुला कळवायचं राहिलं एवढंच.”

भागीदार कंपनीचे साहेब पुढे झाले. तबकातली नवीकोरी कात्री त्यांनी फितीला लावली. फीत पात्यांमध्ये दुमडून बसली. साहेबांनी दात-ओठ खाऊन पुन्हा दाबलं. फितीचा चोथा झाला, पण तुटेल तर शपथ. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच अधांतरी राहिले.

धाकटा थोरल्याच्या कानाशी लागला. “दादा, तुमच्या खिशात असते ना एक? द्या की.”

“राहू दे. दातांनी तोडतील.”

कित्येक दिवसांनी थोरल्याला बरं वाटलं. बघू देत सगळ्यांना. निदान धारेचं खातं तरी वाचेल.

तेवढ्यात गर्दीतून धार लावणारे म्हातारे मामा पुढे आले. घरी बसणाऱ्यांत पहिले तेच. त्यांनी स्वतःची कात्री पुसून साहेबांपुढे धरली.

“मामा, अहो, तुमच्यासाठीच गप्प होतो मी,” थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

“कळलं हो, दादा. पण चार लोकांत आपल्या कारखान्याचं हसं कशाला?”

फीत हूं की चूं न करता दुभंगली. टाळ्या पडल्या. “याला म्हणतात भागीदारी,” धाकटा म्हणाला आणि साहेबांच्या शेजारी फोटोला उभा राहिला. थोरल्याला साहेबांची शिसारी आली, धाकट्याची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची.

साहेबांनी कात्री परत केली नाही. दोनदा उघडमीट करून पाहिली, मग मामांच्या जवळ सरकून हळूच म्हणाले,

“ही घरी नेऊ का हो? बायको कधीची मागे लागलीय. आमच्याकडे एकही धड कापत नाही.”