दुधीची शिकवणी

दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरायला दुधीने साफ नकार दिला होता. पाय वीतभरसुद्धा नाहीत आणि पायरी त्यांच्या दुप्पट, तेव्हा त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पण उचलून खाली न्यावं, तर तो वर यायलाही नकार द्यायचा. मग सुमेधा त्याला काखोटीला मारून गल्ली चढायची आणि मागून एखादा नाववाला हमखास विचारायचा, "दीदी, ई कुकुर है कि पाइप?"

डॅशहुंड जातीचं हे पिल्लू तिने थंडीत आणलं होतं. तिचे वडील अप्पा, म्हणजे दिनानाथशास्त्री, त्याआधी काही महिने गेले. त्यांच्याकडे वेद शिकायला येणारी मुलं दुसऱ्या पाठशाळेत गेली आणि घरात ती आणि आई एवढ्याच उरल्या. आईने त्या लांबुळक्या प्राण्याकडे पाहून विचारलं होतं, "हा दुधी कुणी आणला?" नाव तिथेच ठरलं.

आईचं, शरदिनीबाईंचं, सोवळं कडक. अप्पांच्या मागच्या मासिक श्राद्धाला वाढलेल्या पानावरचा वडा दुधीने पळवला, आणि सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला. आईने आवाज न चढवता निकाल दिला. वर्षश्राद्धाला याने पानाला तोंड लावलं, तर त्याच संध्याकाळी त्याला सिगऱ्याला वीणामावशीकडे पोचवायचं. तिथे बाग आहे आणि सोवळं कुणी पाळत नाही.

सुमेधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. अडलं की पुस्तक काढायचं, ही तिची जुनी सवय. कुत्र्यांच्या शिक्षणावरचे दोन जाड ग्रंथ तिने वाचले, फोनवर व्हिडिओ पाहिले, आणि दुधीला इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही भाषांत बसायला सांगितलं. तो पनीरचा तुकडा घ्यायचा आणि जांभई द्यायचा.

"घशाला जरा आराम दे," आई म्हणाली. "त्याला ऐकू येतं सगळं. पटत नाही."

संध्याकाळी दार उघडताना आतून कुणीतरी नखं वाजवत धावत येतं, एवढ्यासाठी सुमेधा हल्ली वेळेवर घरी निघत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एकदा तिचा घसा खरोखरच बसला. दुधी तिची चप्पल तोंडात घेऊन पलंगाखाली निघाला होता. ओरडता येईना, म्हणून तिने नुसता तळहात पुढे धरला, आडवा, स्थिर. दुधीने चप्पल खाली ठेवली आणि तो बसला.

सुमेधा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. करंगळी जराशी वाकलेली, मनगट उचललेलं. हा हात अप्पांचा होता. ते हाताने स्वर दाखवत शिकवायचे, आणि मुलं म्हणताना घोडी दामटायला लागली की असाच तळहात धरायचे. अख्खी रांग शब्दाच्या मध्यावर गप्प व्हायची. लहानपणी तिचा हट्टही या हातापुढे थांबायचा. त्यांना ओरडताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

ती इतका वेळ तशीच उभी राहिली, की दुधी कंटाळून आडवा झाला.

त्यानंतर शिकवणी मुक्याने चालली. तळहात स्थिर, म्हणजे थांब; खाली आला, म्हणजे घे. आई दारात बसून तांदूळ निवडायची.

वर्षश्राद्धाचा विधी सुमेधानेच करायचा होता. मंत्र सांगायला अप्पांचेच शिष्य ढुंढिराज आले. आता त्यांच्या स्वतःच्या मिशा पिकल्या होत्या. बोटात दर्भाचं पवित्रक घालून सुमेधा पाटावर बसली, पानं वाढून झाली, आई खिरीचं भांडं घेऊन आली, आणि आतल्या खोलीचं दार नाकाने ढकलून दुधी बाहेर आला.

तो थेट वड्याच्या दिशेने निघाला. सुमेधाला पाटावरून उठता येत नव्हतं आणि हात पाण्याच्या धारेत गुंतलेला. आई सोवळ्यात, कुत्र्याला धरायचं कसं? दुधीचं नाक पानापासून वीतभरावर आलं.

आईने भांडं खाली ठेवलं आणि तळहात पुढे धरला. करंगळी जराशी वाकलेली.

दुधी जागच्या जागी बसला. आणि ढुंढिराजांचा मंत्र मधेच तुटला.

ढुंढिराज पाठ ताठ करून, मान खाली घालून बसले होते, जसे चाळीस वर्षांपूर्वी बसत.

"तू म्हण रे, ढुंढिराज," आई म्हणाली. "मी त्याला सांगतेय."

सुमेधाला हसू दाबताना पवित्रक सांभाळावं लागलं. आईला तर तेही जमलं नाही. पदर तोंडाला लावून ती भिंतीकडे वळली, खांदे हलत राहिले. वर्षभरात ती पहिल्यांदाच हसत होती. दुसरा हात मात्र तिने खाली घेतला नाही.

श्राद्धात गाय, कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. कावळा गच्चीवर शिवून गेल्यावर आईने तो घास, वड्यासकट, दुधीपुढे वरून टाकला. लाळेचा धागा जमिनीला टेकला तरी तो हलला नाही. हात खाली आला तेव्हाच त्याने तोंड घातलं.

"ह्यांच्या हाताखालचा दिसतोय," आई म्हणाली.

संध्याकाळी वीणामावशीचा फोन आला, पिल्लू कधी आणताय म्हणून. त्याची शिकवणी चालू आहे, मधेच कसा पाठवू, असं आईने तिला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आई स्नानाला निघाली, तेव्हा दुधीही निघाला. पहिल्या पायरीशी तो अडला. आईने तळहात दाखवला. तो तत्परतेने बसला, आणि बसूनच राहिला. वरून सुमेधा बघत होती. आई थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंघोळ अजून व्हायचीच होती. तिने वाकून त्याला उचललं.