मागच्या फाटकापासून

तीन सरकारी खाती एका टेबलाशी बसवून दाखवा, मग बोला! भले भले साहेब त्या कामात हात टेकतात. ताईनं ते करून दाखवलं होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. का नसावा?

ताई आरोग्य खात्यात होती. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत सिगारेट-तंबाखू विकायची नाही, हा नियम गावाला ठाऊक होता, पण तो पाळायला लावायचा कुणी? आरोग्य खातं म्हणे, पोलिसांनी. पोलीस म्हणत, टपरीचा परवाना पालिका देते, तिला विचारा. पालिका म्हणे, शाळा आमच्याकडे येतच नाहीत, शिक्षण खात्याकडे जा. आणि शिक्षण खातं डोळे मोठे करून म्हणे, "अहो, तंबाखू म्हणजे आरोग्याचा विषय!" फिरून फिरून भोपळे चौकात. नियम बिचारा भिंतीवरच्या पाटीवर उन्हात वाळत पडलेला.

ताईनं मग चिकाटी धरली. ठाण्यातल्या हवालदारांच्या मागे लागली, पालिकेच्या निरीक्षकांच्या दाराशी बाकावर बसून राहिली, शिक्षण खात्याच्या बाईंना जिन्यात गाठलं. शेवटी वैतागून म्हणा, कौतुकानं म्हणा, तिघंही बैठकीला यायला लागली. दोन शाळांपुढच्या टपऱ्या उठल्या, लांब गेल्या. भांडणं काय कमी झाली? हवालदार पावलांनी मोजायचे, निरीक्षक चाकाच्या यंत्रानं, बाई शिवणकामाची टेप जोडून जोडून. तिघांचे तीन आकडे यायचे आणि मग रस्त्यातच जुंपायची. पण काम व्हायचं. लोक थांबून बघायचे आणि म्हणायचे, वा रे वा, सरकार चक्क हललं!

आता पाळी आली मोठ्या शाळेची. आणि मोठ्या शाळेच्या फाटकासमोर टपरी होती ती आप्पांची. आप्पा म्हणजे ताईचे सख्खे वडील.

ताईला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? या टपरीवरच तिचं शिक्षण झालं होतं. लहानपणी तिथल्याच फळीखाली बसून तिनं पाढे पाठ केले होते. मोजणीला ती मुद्दाम गेली नाही. आपण तिथं उभं राहिलो तर सगळ्यांना अवघड होईल, म्हणून तिघांना म्हणाली, "तुम्हीच मोजून या. जे येईल ते येईल."

बैठकीत हवालदारांनी घसा खाकरला. "टपरी एकशे चार मीटरवर. हद्दीबाहेर."

"माझेही एकशे चार," निरीक्षक म्हणाले.

"एकशे चार," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटले! देवा, सुटले! असं तिला खरंच वाटलं, कशाला खोटं बोला. पण हा आनंद चहा यायच्या आतच विरला. या तिघांचं आजवर पंखा किती वेगात ठेवायचा यावरही एकमत झालं नव्हतं. आणि आज तीन मापांचा आकडा एकच?

"कुठून मोजलंत?" तिनं विचारलं.

"फाटकापासूनच की," निरीक्षक म्हणाले.

"कुठल्या फाटकापासून?"

निरीक्षक वहीची पानं उलटायला लागले. शेवटी बाईंनाच राहवेना. "मागच्या," त्या पुटपुटल्या.

मागच्या! त्या फाटकाला कुलूप लागून जमाना झाला होता. त्यावर वेल चढला होता आणि किल्ली कुणाकडे आहे हे शाळेलाही माहीत नव्हतं.

"ताई, रागावू नका," हवालदार म्हणाले. "आम्ही तिघांनी आधी बसून ठरवलं. तुम्ही एवढ्या राबता. तुमच्याच वडिलांच्या पोटावर पाय द्यायला आमचं मन धजेना. मागच्या फाटकापासून मोजलं तरी फाटकापासूनच झालं ना? कागदावर कुणाला काय कळतंय?"

ताईला हसावं की रडावं कळेना. तीन खाती न भांडता, न बोलावता, आपणहून एकत्र बसली होती. हेच तर तिला हवं होतं! आणि बसली कशासाठी, तर तिचा नियम तिच्याचसाठी वाकवायला. माणसं काय मायेची होती! तरी ती म्हणाली, "उद्या परत मोजायचं. पुढच्या फाटकापासून. सगळ्यांनी, माझ्यासमोर."

कचेरी सुटल्यावर ती तडक टपरीवर गेली. आप्पा भलतेच खुशीत होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"चिमे, ऐकलं मी!" ते म्हणाले. "तीन-तीन खाती तुझ्या शब्दाखातर मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली म्हणे. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतोय, माझ्या लेकीचं काय वजन आहे बघा!"

"आप्पा, माझं वजन असं नकोय मला."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या परत मोजणार आहोत. टपरी शंभराच्या आत येणार."

आप्पांचा हात फळीवर होता तिथंच थांबला. "ह्या टपरीवर शिकलीस तू."

"हो. इथं बसूनच शिकले. आणि शाळेची पोरं इथं तुमच्याकडून सिगारेट घेताना मी फळीखालून बघायचे, आप्पा. त्यातला एक तर माझ्याच वर्गातला होता. आधीच्या दोन टपरीवाल्यांना मी उठवलं. त्यांनाही घरदार आहे. उद्या ते समोर आले तर मी कुठल्या तोंडानं बघू?"

आप्पांनी फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि तिच्या पुढे पुढे घरी चालत गेले. रात्री ताट समोर आलं तर "भूक नाही" म्हणून उठले. ताईनंही दोन घास कसेबसे ढकलले. बापानं आपल्याशी अबोला धरला तर ही नोकरी घेऊन काय करायची, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळी पथक पुढच्या फाटकाशी हजर झालं. यावेळी पालिकेची लांबलचक टेप आणली होती. एक टोक बाईंनी फाटकाला धरलं. दुसरं टोक टपरीपर्यंत कुणी न्यायचं? हवालदार म्हणाले, "निरीक्षकसाहेब, टेप पालिकेची, तुम्ही न्या." निरीक्षक म्हणाले, "छे छे, कारवाई पोलिसांची असते." झालं! पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! टोक ह्या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि आप्पांच्या डोळ्याला डोळा द्यायची कुणाची छाती होईना. ताईनं हात पुढे केला, पण या ढकलाढकलीत टोक निसटून खाली पडलं.

आप्पा टपरीच्या दारात उभे राहून हा सगळा तमाशा बघत होते. त्यांना कामातला आळस कधीच खपला नव्हता. ते ताडताड रस्ता ओलांडून आले, वाकून टोक उचललं आणि म्हणाले, "अरे, काय चाललंय काय? माझी पोर उन्हात उभी आहे आणि तुम्ही तिघं लपाछपी खेळताय? आणा इकडं!"

ते टोक घेऊन आपल्याच टपरीकडे निघाले. मध्येच थांबून मागे ओरडले, "ओ बाई, ताठ धरा! झोळ पडतोय! माझ्या लेकीचं माप आहे, नीट व्हायला पाहिजे!"

टेप टपरीला टेकली. शंभराच्या कितीतरी आत. आप्पांनी आकडा स्वतः वाचला, खणखणीत आवाजात, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असा. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

त्यानंतर तिन्ही खाती अशी काही कामाला लागली! निरीक्षकांनी वह्या-पेन्सिली विकायचा नवा परवाना स्वतः अर्ज भरून करून दिला. बाईंनी शाळेला लागणाऱ्या खडूंची मागणी आप्पांकडे नोंदवली, आणि उठलेल्या त्या दोघा टपरीवाल्यांनाही खडू पुरवायला एकेक शाळा मिळवून दिली. हवालदारांनी सिगारेटींचं जुनं कपाट स्वतःच्या खांद्यावर वाहून नेलं. जाता जाता त्यांची कंबर धरली ती वेगळीच गोष्ट. शंभर मीटरवर रस्त्यात पिवळी रेघ आखली गेली. एकच रेघ, तिघांच्या सहीची.

काही दिवसांनी हवालदार सवयीनं टपरीशी आले, कोपर फळीवर टेकवलं आणि कुणाशीतरी फोनवर बोलता बोलताच हात पसरला. "आप्पा, नेहमीची पुडी."

आप्पांनी त्या हातावर एक खोडरबर ठेवलं.

हवालदारांनी खोडरबराकडे बघितलं, मग आप्पांकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुडी हवी असेल तर रेघेच्या पलीकडं जा," आप्पा म्हणाले. आणि फळीखालच्या त्या जुन्या जागेकडे एकदा बघून, पुढं वाकून, रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या लेकीनं आखलीय ती. एक टोक मी धरलं होतं."