न केलेल्या कामाची वही

काजवाली सकाळपासून धुमसत होती, आणि तिचा सगळा राग लेकीवर होता.

सोन्यासारखी नोकरी दारात चालून आली होती. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ठकीचं शिकाऊ उमेदवारीचं वर्ष शनिवारी संपत होतं, आणि साहेब तिला सोडायला तयार नव्हते. पुढच्या टेबलावर, फोनपाशी, कायमची जागा. पंख्याखाली खुर्ची, महिन्याच्या महिन्याला पगार. फक्त उमेदवारीच्या वहीवर पालकाची सही हवी होती. करार झाला तेव्हा ठकी सतराची होती, म्हणून कागदावर आईचं नाव लागलं होतं. त्या सहीसाठी शिवणकारखान्यातल्या काजं करायच्या कामाचा अर्ध्या दिवसाचा खाडा करून आई निघाली, तर ही कार्टी रस्ताभर तोंड फुगवून चाललेली.

"मला नकोय ती खुर्ची."

"अगं, लोक खुर्चीसाठी जीव टाकतात."

"टाकू देत. मी लिफ्ट शिकायला गेले होते. वर्षभर फोन उचलला मी, आई. फोन!"

"मग बिघडलं कुठे? साहेब म्हणतात, तुझ्या आवाजाने गिऱ्हाईक निम्मं शांत होतं."

"आणि साहेबांच्या आवाजाने मी निम्मी पेटते."

"जीभ आवर. तिथे एक शब्द वाकडा गेला तर माझ्याशी गाठ आहे."

हे सगळं काजवाली हळूच बोलली. आवाज चढवायचा नाही, हा तिचा नेम होता. रोज सकाळी हात जोडून ती तो नव्याने घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत दातओठ खात पाळायची.

कंपनीचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पुढे फोनचं टेबल, मागे जाळीपलीकडे कामाची जागा. तिथे वंगणाने काळी झालेली फरशी आणि भिंतीला टेकवलेल्या शिड्या. ठकी आत शिरते न शिरते तोच फोन वाजला. तिने तो उभ्या उभ्याच उचलला.

"कितव्या मजल्यावर अडकलात? तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. बरं. दार ओढू नका, आजोबा. पंखा चालू आहे ना? मग हवा येतेय, काळजी करू नका. खाली बसा. माणूस निघालाय."

काजवाली बघत राहिली. ही पोरगी घरी असं कधी बोलल्याचं तिला आठवेना. ठकीने फोन ठेवला आणि जाळीकडे बघून हाक मारली. आतून एक मुलगा हात पुसत आला, पत्त्याची चिठ्ठी घेतली, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि शीळ घालत निघून गेला.

"हा मी लागले त्याच दिवशी लागला," ठकी म्हणाली. "पहिल्या महिन्यात याला पाना कुठला आणि पक्कड कुठली ते कळत नव्हतं. आता दाराचं लॉक डोळे मिटून खोलतो. पत्ता मी द्यायचा, लिफ्ट यानं उघडायची."

"हळू बोल," आई म्हणाली.

साहेब गोड माणूस होते. "या ताई, या! अहो, तुमची मुलगी म्हणजे आमच्या कंपनीचा आवाज आहे आवाज!" त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, चहा मागवला आणि निळ्या पुठ्ठ्याची जाड वही पुढे सरकवली. "इथे सही, इथे, आणि शेवटच्या पानावर. तिने कराव्या त्या सह्या अजून केलेल्या नाहीत. म्हटलं, आईच समजावेल. वय आहे, डोक्यात वारं असतं."

काजवालीने पेन हातात घेतलं. पण कापड हाती आलं की आधी उलटून बघायचं, ही तिची जुनी खोड. तिने वही पहिल्या पानापासून उघडली.

"वाचण्यासारखं काही नाही हो त्यात, ताई. नेहमीचंच."

एका आठवड्याला एक पान. ब्रेकचे पट्टे बदलले. तारेच्या दोरांना वंगण दिले. दाराचे लॉक जुळवले. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून सफाई केली. बावन्न पानं एकाच शाईत, एकाच कललेल्या अक्षरात. वर्षभरात तो हात कुठे थकला नव्हता की घाईत नव्हता.

तेविसाव्या पानावर काजवाली थांबली.

"या आठवड्यात हॉस्पिटलच्या लिफ्टचे दोर बदलले, असं लिहिलंय."

"हो ना. मोठं काम होतं ते."

"या आठवड्यात ठकी अंथरुणात होती. कावीळ झाली होती तिला. नऊ दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. फोन करून तुम्हाला मीच कळवलं होतं."

साहेब हसले. "असेल. तारखेचं काय एवढं? सगळीकडे असंच भरतात, ताई. कागदाचं पोट भरावं लागतं. मी रविवारी घरी बसून लिहून काढली ही वही. कोण करतो एवढं शिकाऊ पोरांसाठी?"

काजवालीने मान वळवली. "ठके, ब्रेकचे पट्टे कसे बदलतात?"

"माहीत नाही."

"बघितलेस तरी?"

"चित्रात." ठकीचा आवाज फाटला. "चार वेळा मागे गेले शिकायला. चारही वेळा यांनी हाक मारून पुढे आणलं. फोन वाजतोय म्हणे! म्हटलं, आलटून पालटून बसवा, मागची दोन शिकाऊ पोरंही बसू देत. तर म्हणाले, त्यांना बोलता येत नाही."

"नाहीच येत!" साहेब म्हणाले. "ताई, स्पष्ट सांगतो. त्या खड्ड्यात अंधार, चिखल, उंदीर. पोरीच्या जातीला काही झालं तर तुम्हीच माझ्या मानगुटीला बसाल. आणि देवाने तिला आवाज दिलाय. ज्याचा हात जिथे बसलाय तिथे त्याने राहावं, यातच भलं असतं."

काजवालीचा चहाचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिने खाली ठेवला.

अगदी असंच बोलणं. कारखान्यातल्या मास्टरांचं. एकोणीस वर्षांपूर्वी ती कारखान्यात लागली ती कापायला शिकायची म्हणून. मोठं टेबल, खडूच्या रेघा, लांब कात्री, आणि सपाट कापडातून माणसाचा खांदा निघताना बघायचा. पहिल्याच आठवड्यात मास्टरांनी तिची काजं पाहिली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. "असा हात बसायला नशीब लागतं!" ती फुलून गेली होती. पुढच्या हंगामात कात्री देतो, म्हणाले. पुढच्या हंगामात हजार गणवेश आले, दर गणवेशाला सात काजं. मग त्याच्या पुढचा हंगाम. तिच्या मागून आलेली तीन पोरं कापायला लागली, त्यातल्या एकाने स्वतःचं दुकान टाकलं. तिचं नाव मात्र कारखान्यात आता कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं. काजवाली म्हटलं की झालं.

आणि आज तीच लेकीचा हात धरून तिला या टेबलाशी बांधायला आली होती. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की कानशिलं तापली.

"बसला नाही हात," ती म्हणाली. "तुम्ही बसवलात."

"अहो, पण नोकरी देतोय ना मी!"

"फोनच्या नोकरीला ही वही कशाला लागते? वर्षभर फोन उचलला असं लिहा. मी आत्ता सही करते."

"तसं लिहिता येत नाही."

"का नाही?"

"कारण शिकाऊ शिकला नाही तर कंपनीला त्याचं अनुदान मिळत नाही," ठकी म्हणाली. "आणि शिकवलं तर फोनवर पगारी बाई ठेवावी लागते."

"तू गप्प बस!" साहेब खेकसले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला गोडवा गेला.

"ती नाही गप्प बसणार!"

हा आवाज आपलाच आहे हे काजवालीला क्षणभर कळलं नाही. नेम कधी मोडला तेही कळलं नाही. जाळीमागे हातोडीचा ठोका थांबला.

"उद्या ही वही बघून कुणी माझ्या पोरीला एकटीला शाफ्टमध्ये उतरवेल. दोर बदलता येतात ना तुला, म्हणेल, लिहिलंय तसं! ती खाली, आणि वर लिफ्टमध्ये कुणाचं तान्हं मूल, कुणाची म्हातारी. ब्रेक हिने चित्रात पाहिलेला! तेव्हा कुठे असाल तुम्ही? रविवारी घरी बसून वह्या भरत?"

"ताई, सही नाही तर प्रमाणपत्र नाही," साहेब थंडपणे म्हणाले. "वर्ष पाण्यात. खुर्चीला माझ्याकडे दहा मुली तयार आहेत. विचार करा."

वर्षभर पोरगी पहाटे उठून दोन बस बदलून इथे येत होती. काजवालीने लेकीकडे पाहिलं. ठकी वहीकडे बघत होती.

"तू सांग," आई म्हणाली. "तुझं आयुष्य आहे. खुर्ची हवी असेल तर मी राग गिळते आणि सही करते. मला सवय आहे त्याची."

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आई."

"लागेल."

"मग करू. खोट्या कागदावर मी कुणाच्या डोक्यावरची लिफ्ट दुरुस्त करणार नाही."

काजवालीने शेवटचं पान काढलं. पालकाच्या जागेवर तिने सावकाश, टाका घालावा तसं एकेक अक्षर लिहिलं: या वहीतलं काम माझ्या मुलीने केलेलं नाही. तिला ते शिकवलं नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. साहेब वही ओढायला उठले, पण ती तिच्या पिशवीत गेली होती.

"कंपनीची वही आहे ती!"

"वरती तिचं नाव आहे," काजवाली म्हणाली आणि बाहेर पडली.

दुपारी दोघी सरकारच्या उमेदवारी कार्यालयात रांगेत होत्या. खिडकीतल्या बाईंनी वही वाचली, चष्मा काढून काजवालीकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली. तक्रार नोंदवून घेतली. चौकशीला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही, म्हणाल्या. गेलेलं वर्ष काही परत मिळणार नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी कंपनी होती, चारच माणसं. तिथला मिस्त्री कडक, फोन स्वतः उचलतो. जागा एक. विद्यावेतन साहेबांच्या कंपनीपेक्षाही कमी. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, पायात सुरक्षेचे बूट हवेत.

"जाते," ठकी म्हणाली.

तिथून त्या तडक बुटांच्या दुकानात गेल्या. काजवालीचं डोकं अजून तडतडत होतं. अर्ध्या दिवसाच्या खाड्याचा पूर्ण दिवस झाला होता, आणि मास्टर उद्या बोलणार हे ठरलेलं होतं.

दुकानदाराने लोखंडी टोकाचा सर्वांत लहान जोड काढला. ठकीचा पाय त्यात हलत होता.

"बायकांच्या मापात येत नाहीत हो. दोन मोजे चढवा, बसेल."

"दोन मोजे घालून ही शिडी चढेल?" काजवाली म्हणाली. "सात मजले? तुम्ही चढाल?"

"अहो बाई, मागणीच नसते..."

"आता आहे. समोर बसलीय मागणी. माळ्यावर बघा, गोदामात बघा, कुठे बघायचं ते बघा. आम्ही इथून हलत नाही."

ती लेकीशेजारी बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. दुकानदाराने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे शिडी माळ्याला लावली.