डोळे उघडणारं शेवाळ

गुहेच्या तोंडाशी अख्खं गाव जमलं होतं. गावाचा देवऋषी खोआत बाबा, त्याच्या तळहातावर शेवाळाचा एक गोळा होता, हिरवा, खडबडीत, लिंबाएवढा. बाबा हात स्थिर धरून पुटपुटत होता. थोड्या वेळाने गोळ्याला दोन डोळे फुटले, मग पाय. आणि ते शेवाळ त्याच्या मनगटावर चालू लागलं.

पुढे उभ्या असलेल्या बायका घाबरून मागे सरकल्या. लुएन मात्र जागीच खिळली. तापाने फणफणलेली तिची चार वर्षांची मुलगी म्ये तिच्या पाठीवर बांधलेली होती.

"पोरीचा जीव डोंगरदेवाने या शेवाळात ठेवलाय," बाबा म्हणाला. "ऐका, हाक मारतेय."

गुहेत शिट्टी वाजली. डावीकडून की उजवीकडून, कळेना.

"तीन दिवस ओढा ओलांडायचा नाही. पलीकडे दवाखान्यात नेलीत तर जीव परत यायचा नाही. रोज एक कोंबडा आणि भाताच्या दारूचं मडकं इथे ठेवा."

"देव दारू पितो होय?" शाळेच्या होआन बाईंनी मागून विचारलं.

"देव नुसता वास घेतो. उरलेली मला प्यावी लागते, काय करणार."

बाई पुढे आल्या आणि त्यांनी लुएनला गुहेच्या पाझरणाऱ्या, शेवाळलेल्या भिंतीपाशी नेलं. "इथे हात लाव."

"लावू नकोस, हात झडेल," बाबा ओरडला.

"नको बाई. माझी पोर आहे त्यात."

"पोर तुझ्या पाठीवर आहे, लुएन. लाव हात."

तिने शेवाळाला बोट लावलं. नुसतं ओलं शेवाळ. जरा बाजूला लावलं, तर एक गोळा आकसला आणि टपकन तिच्या ओंजळीत पडला. थंड, निश्चल.

"मेलं," ती पुटपुटली. "मी मारलं तिला."

"हलू नकोस. थांब जरा."

मानेवर म्येचा कढत श्वास लागत होता. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी धडधडलं. मऊ पोट. बोटाला चिकटणारे पाय. डोळे.

"बेडूक आहे," लुएन म्हणाली.

"बेडूकच. सापाला दिसू नये म्हणून शेवाळासारखा दिसतो. कोणी धरलं की गोळा होऊन मेल्याचं सोंग घेतो. निवांत राहू दिलं की पाय सोडतो. ओरडतो कपारीतून, म्हणून आवाजाचा पत्ता लागत नाही. बाबाला एवढंच ठाऊक आहे, हात स्थिर कसा धरायचा."

लुएनने बेडूक भिंतीवर ठेवला आणि ती ओढ्यात उतरली. बाबा काठावरून शाप देत होता. मध्यावर पोचल्यावर पुन्हा शिट्टी ऐकू आली आणि तिला वाटलं, खरंच म्येच हाक मारत असली तर? तरी ती थांबली नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया होता. आणखी एक दिवस गेला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी म्ये अंगणात कोंबड्यांमागे पळत होती. शेजारणींनी लुएनला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. अजून वाटते," लुएन म्हणाली. "तुम्हालाही वाटेल. पण कोणी म्हणालं हात लावू नका, तर आधी तिथेच हात लावून बघा. आणि पोराला ताप आला, तर दवाखाना गाठा."