खडूचा बाण

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ बसते, उलटा फिरवला तर अंगावर येते. पडद्याचा एक पट्टा जरी उलटा जोडला गेला तरी दिव्यांच्या उजेडात तो काळपट दिसतो. म्हणून कापड बेतणारीने प्रत्येक पट्ट्याच्या मागे खडूने बाण काढायचा आणि शिवणारीने बाण बघून जोडायचं, ही त्या कारखान्याची जुनी रीत. बेतायला मावशी होती. कारखान्यातल्या निम्म्या बायका जन्मल्या नव्हत्या तेव्हापासून.

त्या सकाळी नाट्यगृहाचा लाल पडदा परत आला. धाकट्या मालकांनी तो लांब टेबलावर पसरला. मधला एक पट्टा शाई सांडल्यासारखा.

"चिमणे, डोळे घरी विसरून येतेस का?"

चिमणी तीन महिन्यांपूर्वी लागलेली. चणीने लहान, हाताने चपळ.

"बाण बघूनच जोडला, मालक."

"मग काय मखमलीनं झोपेत कूस बदलली?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालक हसले नाहीत. "मावशी, अस्तर उसवा आणि बाण बघून सांगा. हिची चूक असेल तर उद्यापासून हिनं येऊ नये."

मावशी पडदा घेऊन कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी गेली. टाके उसवले, अस्तर बाजूला केलं. बाण होता. शेपटीला बारीक आकडा असलेला, तिच्याच हातचा. आणि उलटा.

मग तिने पाहिलं, की आपल्या हातात ओला फडका आहे आणि बाणाचं टोक पुसलं गेलं आहे.

हाताला ते कुणी सांगावं लागलं नव्हतं. एकदा केलेलं होतं ना. थोरल्या मालकांच्या वेळी निळा पडदा असाच परत आला होता. तेव्हा तिने बाण पुसून सुलटा काढला आणि शेजारच्या मशीनवरची शिडी घरी गेली. उंच म्हणून शिडी. दोघी एका डब्यात जेवायच्या. जाताना शिडीने विचारलं होतं, "तू नीट बघितलंस ना गं?" मावशीने मान हलवली होती.

पुढे किती वर्षं ती मनाशी म्हणत आली, पुन्हा तशी वेळ येऊ दे, मी क्षणभरही विचार न करता खरं सांगेन. वेळ आली. तिने खरंच विचार केला नव्हता. ठेच लागली की माणूस शहाणं होतं म्हणतात. तिला ठेचेने फक्त पळवाट पाठ करून दिली होती.

तिने फडका ठेवला आणि पडदा मालकांपुढे नेला.

"बाण माझा आहे. उलटा मीच काढला."

मालकांनी मान डोलावली. "चुकतं माणूस. पण बघा गं, याला म्हणतात खरेपणा. शिका मावशीकडून."

चिमणीचे डोळे भरून आले होते. तिने बाणावर बोट ठेवलं. टोकाशी बोट थबकलं. तिथे कापड ओलं होतं. तिने मावशीकडे पाहिलं.

"मालक, माझ्याकडून शिका म्हणू नका यांना," मावशी म्हणाली. "तुमच्या वडिलांनी निळ्या पडद्यापायी शिडीला काढलं, तो बाणही माझाच होता. मी पुसला होता. आत्ताही पुसायलाच घेतला होता."

मशीनं एकेक करून थांबली.

"आता कशाला ते उकरता, मावशी?" मालक हळू म्हणाले. "ती बाई कुठं असेल कुणाला ठाऊक."

तेच तर. मावशीने पडदा उचलून आपल्या टेबलाशी नेला.

दुसऱ्या दिवशी चिमणीने नवे पट्टे शिवायला घेतले. बाण पाहिला, मग पट्टा उलटवून मखमलीवर तळहात फिरवला. प्रत्येक पट्ट्यावर. मावशीची नजर पडताच तिने हात चटकन मांडीवर घेतला.

"लपवू नकोस," मावशी म्हणाली. "बघूनच जोड."

चिमणीने पुन्हा हात फिरवला. मावशी खाली मान घालून पुढचा पट्टा बेतू लागली.