क्लेमची मेंढी आणि अंतिम सामना

आमच्या जिल्ह्याच्या रग्बी लीगमध्ये प्रत्येक क्लबच्या खेळाडूंच्या एकूण मानधनाला मर्यादा आली ती माझ्या हट्टामुळे. मिंडाराच्या खाणवाल्यांकडे पैसा उतू जात होता. चांगला खेळाडू दिसला की ते उचलून नेत, आणि आमचं कूराबिन त्यांच्याकडून साठ-साठ गुणांनी मार खाई. मी कूराबिन क्लबची सचिव, त्याआधी इथल्याच शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण. सहा वर्षं भांडून मी नियम करून घेतला. त्यातलं एक वाक्य तर माझ्याच हातचं: खेळतो म्हणून खेळाडूला जे जे फुकट मिळेल, ते मानधनात धरावं.

अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी ते वाक्य माझ्याच मानगुटीवर बसलं. मिंडाराच्या अध्यक्षांनी, केल्विन ड्रूरींनी, तक्रार केली. आमचा पुढच्या फळीतला गडी लिसिआते मोआला, त्याला क्लेम खाटीक घरच्या मैदानावरच्या दर सामन्याला अख्खी मेंढी फुकट देतो. त्या मेंढ्या धरल्या तर कूराबिनची मर्यादा ओलांडली, आणि लिसिआते अंतिम सामन्याबाहेर. गेल्या महिन्यात टोंगा बेटावरून आलेल्या त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी हा सामना पाहायला परतीचं तिकीट सोमवारवर ढकललं होतं. अठराव्या वर्षी बेट सोडून गेलेल्या लेकाला ते इतक्या वर्षांनी भेटत होते.

शुक्रवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. समोर प्रिचेटबाई, निवृत्त न्यायाधीश. सगळा गाव लोटला होता. क्लेम माझा जुना विद्यार्थी, म्हणून मी त्याला आधीच बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोल."

"लिसिआतेला मेंढी का देता?" बाईंनी विचारलं.

"का म्हणजे? असा दुसरा गडी दाखवा की! मिंडाराच्या तिघांना एकदम लोळवतो. त्याला नाही तर काय यांना देऊ?" त्याने केल्विनकडे बोट केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर बोललो ना, मिस?"

"अगदी बरोबर," मी कपाळाला हात लावला. "शाळेतही असाच होतास. उत्तर चुकीचं आणि हात सगळ्यांच्या आधी वर."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "नियम तुमचा. मेंढी धरायची की नाही?"

शेजारधर्म म्हणून दिली, एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. खोटं बोलावंसं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण आज मी मेंढी लपवली तर उद्या खाणवाले शेजारधर्म म्हणून बंगले वाटतील. लिसिआते मान खाली घालून बसला होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"धरायची," मी म्हणाले.

हॉलभर हाय हाय झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हातारे मोआला उठले. टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळलेली, आमच्या बोलण्यातलं अक्षरही कळलेलं नाही. बराच वेळ ते केल्विनला न्याहाळत होते. आता ओळख पटली, आणि त्यांनी जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. हसत हसत काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

लिसिआतेची बायको लोसालीन लाजून लाल झाली. "बाबा म्हणतात, अरे, हा तर आपला तीन ताटंवाला! आमच्या भट्टीतलं मटण एवढ्या प्रेमाने कुणी खाल्लं नाही. रविवारीही ये म्हणतायत."

"लोसालीन, तुमच्याकडे जेवतं तरी कोण कोण?" मी विचारलं.

"सगळेच, मिस! सामना संपला की दोन्ही संघ, पंच, शेजारीपाजारी. मिळालेली मेंढी एकट्याने खाल्ली तर आमच्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. तुम्हीच तेवढ्या कधी येत नाही."

खरंच होतं. खेळाडूच्या घरचं खायचं नाही, हा माझा बाणा.

मी ताडकन उठले. "बाई, मेंढी धराच! पण जी ज्याच्या पोटात गेली, त्याच्या नावावर धरा. मिंडाराचे सगळे खेळाडूही जेवलेत. खेळतात म्हणूनच आले होते ना ते?"

"ड्रूरी, तुम्ही जेवलात?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... आग्रह फार करतात हो."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉल हसून लोळायला लागला. केल्विनही हसला. बाईंनी लिसिआतेच्या वाट्याला त्याच्या ताटापुरतं मटण धरलं, आणि कूराबिन मर्यादेत राहिलं. लोसालीनने सासऱ्यांच्या कानात निकाल सांगितला, तेव्हा त्यांनी लेकाला लहान मुलासारखं कवेत घेतलं. माझे डोळे भरून आले.

रविवारी लिसिआते वाघासारखा खेळला. म्हातारे रेषेबाहेरून त्याच्याबरोबर धावत होते. आम्ही मिंडाराकडून हरलो, दोन गुणांनी. साठ नव्हे, दोन! त्यासाठीच तर मी सहा वर्षं भांडले होते. मी बाकावर चढून टाळ्या पिटल्या आणि लोकांना वाटलं, मिसचं डोकं फिरलं.

मग लिसिआतेच्या अंगणात जमिनीतली भट्टी उघडली. अळूच्या पानात, नारळाच्या दुधात शिजलेलं मटण. म्हाताऱ्यांनी पहिलं ताट माझ्यापुढे धरलं. माझा हात थबकला.

"खा हो, हॅनिगनबाई," रांगेतून केल्विन म्हणाला. "मी तक्रार करणार नाही."

मी खाल्लं, हाताने, बोटं चाटत. दुसरं ताट मागायला वळले, तर म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी तिसरंही वाढून ठेवलं होतं.