सायकलच्या ट्यूबची चकती

समजा, तुम्ही साधनाच्या शेजारी उकिडवे बसला आहात. गोठ्याच्या कोपऱ्यात तिचं वर्कशॉप आहे. फुटकी लोखंडी पेटी, दोन पाने, एक पक्कड आणि मेलेल्या रेडिओतून काढलेलं बरंच काही. औषधाच्या डब्याच्या टोपणातून ती पकडीनं काहीतरी उचलते आहे. वाका जरा, पण हात लावू नका.

ती रबराची चकती होती. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून साधनानंच कापलेली, जास्तीची. सकाळी ती टोपणात पडली होती आणि टोपणाच्या तळाशी फवारणीचं औषध उरलेलं होतं. आता चकती दुपटीनं फुगली होती. साधनानं पक्कड जराशी दाबली, तर ती भिजल्या पोळीसारखी तुटली.

मग तिनं तो तुकडा कागदात गुंडाळला आणि वावराकडे धावत सुटली.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी पोखरून काढली होती. साऱ्या शिवारात फवारणी चालली होती, आणि बाबांचा, म्हणजे धम्मदीपचा, पाठीवरचा पंप टाकीच्या तळाशी गळत होता. तिथली रबरी चकती झिजली होती, आणि नवी कळंबच्या बाजारातच मिळायची. म्हणून साधनानं ट्यूब कापली, चकती बसवली आणि टाकी पाण्यानं भरून रात्रभर खुंटीला टांगली. सकाळी खालची माती कोरडी होती. बाबांनी ते गावभर सांगितलं.

पण तिनं पाहिलं होतं ते पाण्यानं. बाबा टाकीत आधी औषध ओतायचे आणि मग वरून पाणी. म्हणजे नुसतं औषध आधी त्या चकतीवरच बसत होतं.

बांधाच्या धुऱ्यावरून तिला बाबांची पाठ दिसली. सदरा कमरेपर्यंत ओला होता.

"बाबा, पंप काढा."

"आली पाहा इंजिनेर बाई," धम्मदीप पंपाचा दांडा मारत म्हणाला. "काहून वं, जेवाले बलावते काय?"

"पंप गळून राह्यला."

"घाम हाय तो. एवढी टाकी सरू दे."

साधना पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात आडवी उभी राहिली. तिनं कागद उघडून समोर धरला. धम्मदीपनं तो तुकडा पाहिला. मग हात मागं नेऊन कमरेला लावला, नाकापाशी आणला, आणि दांडा थांबला.

पंपाच्या पट्ट्याचं बक्कल ओल्या बोटांना सुटेना. साधना पुढं सरली.

"तू हात नोको लावू," तो एकदम म्हणाला.

पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या तिच्या आईनं, इंदूबाईनं, काय झालं ते दुरूनच ओळखलं. घागर ठेवून ती पदर खोचत आली.

"सदरा डोक्यावरून काढू नोका. फाडा."

पंप खाली आला. तिनं ड्रमातलं पाणी बादलीनं त्याच्या पाठीवर ओतलं, साबण लावला, परत ओतलं. पाठ मिरची चोळल्यासारखी लाल झाली होती.

"गरगरते काय?"

"नाही. थोडंसं."

"दवाखान्यात चाला. आत्ताच्या आत्ता."

धम्मदीप लिंबाच्या बुंध्याला टेकला.

"साधने," तो हळूच म्हणाला, "गावात बोलू नोको हे. पोरीनं केला म्हून साऱ्याइले सांगून आलो मी. लोकं हासतीन."

नाल्यापलीकडच्या हंसाबाईच्या वावरातून दांड्याचा आवाज येत होता, खटक, खटक. काल संध्याकाळी हंसाबाई आपल्या लेकाचा पंप घेऊन आली होती. "आमच्या मारोतीचाही करून दे वं माय," म्हणाली होती, आणि साधनाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता. त्याच ट्यूबची चकती साधनानं त्याही पंपात बसवली होती.

"ऐकलं नं?" धम्मदीप म्हणाला.

इंदूबाई बादली भरता भरता थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

साधनानं कागदाची पुडी मुठीत घट्ट धरली. चपला काठावर सोडल्या, नाल्याच्या पाण्यात पाय घातला, आणि पलीकडच्या पऱ्हाटीत मारोतीच्या पाठीवर हलणाऱ्या पिवळ्या टाकीला हाक मारली.